तिसऱ्या वाफ्याचे सात आकडे

अकोला, एस.टी. स्टँड
शनिवार, दुपारचे साडेबारा

प्रिय दीपे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहितेय, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. तू उचलला असतास तरी मी फोनवर हे बोलले नसते. माझं पहिलं वाक्य ऐकूनच तू म्हणाली असतीस, जाऊ दे ना आचल, कायले इतलं मनावर घेतं. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच माफ करून मोकळी होतेस तू, ही तुझी जुनी खोड. कागदाला मध्येच थांबवता येत नाही. तुझ्या बाबांची, देवरावकाकांची, हिवरखेडची गाडी चार वाजता लागते. त्यांना सांगून ठेवलंय, एक पाकीट देणार आहे, ते बॅगेत टाकू नका, वरच्या खिशात ठेवा. कंडक्टरच्या बॅगेत गेलेला कागद परत सापडत नाही असं तूच सांगायचीस. तेव्हा माझ्याजवळ साडेतीन तास आहेत, आणि माझी आत्तापर्यंत तीन बाकडी बदलून झाली. एकावर ऊन येतं, दुसऱ्यावर एक आजोबा मी काय लिहिते ते वाचून राहिले होते, तिसऱ्यावर मला बसवतच नाही. दोन चहा झाले. दोन कागद फाडले. आता हा फाडणार नाही.

तुला ठाऊक आहे ते आधी लिहून टाकते. आपण आठ जण दोन महिने राबलो आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी जागा निघाली एक. ललिता मॅडमच्या हाताखाली, स्टायपेंडसकट, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्यातच धरणार. ती मला मिळाली. परवा, सोमवारी अकरा वाजेपर्यंत सही करायची होती. तू मला मेसेजमध्ये फक्त दोन अंगठे पाठवलेस. तुझे अंगठे, दीपे! एरवी तू साधं जेवलीस का विचारायला चार ओळी लिहितेस. मी ते अंगठे इतक्यांदा उघडून पाहिले की फोनसुद्धा म्हणाला असेल, बस कर माय.

आणि घरी काय झालं ते ऐक. बातमी कळली त्या दिवशी बाबांनी शेंदूरजनाघाटच्या चौकात फ्लेक्स लावला. दहावीच्या फॉर्मवरचा माझा तो फोटो, दोन वेण्यांचा, बाजूला संत्र्याच्या व्यापाऱ्यांचे पाच फोटो आणि वर हे मोठ्ठं, 'शास्त्रज्ञ झाल्याबद्दल कु. आचल पुंजाराम हिचे हार्दिक अभिनंदन'. शास्त्रज्ञ! मी म्हटलं, बाबा, ही इंटर्नशिप आहे हो. ते म्हणाले, फ्लेक्सवर इंटर्नशिप लिहिलं तर कोणाले समजते. आठवडाभर मी बसस्टँडला जाताना मागच्या गल्लीनं गेले. आई समजली मी लाजतेय. लाजत असते तर किती बरं झालं असतं.

मला सारखं आठवून राहिलं की हे सगळं सुरू तुझ्यामुळे झालं. कॉलेजच्या नोटिस बोर्डावर, पास-नापासच्या याद्यांखाली दबलेला इंटर्नशिपचा तो कागद तू वर काढलास. मी म्हटलं, हे आपल्यासाठी नसतं, हे मोठ्या शहरातल्या पोरांसाठी असतं. तू म्हणालीस, त्याच्यावर असं कुठं लिहून आहे, दाखव. माझा फॉर्मसुद्धा तूच भरलास, 'तुम्हाला संशोधनात रस का आहे' त्याच्यापुढे मी दीड तास पेन चावत बसले होते म्हणून. घरी सांगितलं तर आईचा विश्वासच बसेना. शिकाचे पैसे आपण भरतो, अन् ते लोक आपल्यालेच देऊन राहिले, काहून? काही लफडं तर नाही ना? आणि काम काय, तर काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या मोजायच्या. बाबा पोट धरधरून हसले. घरच्या वावरात कधी पाच मिनिटं बसली नाही, अन् अकोल्यात लोकाईच्या वावरात बसाले चालली!

बसलो मात्र. काय बसलो गं आपण! पंचेचाळीस अंशांत, तोंडाला ओढण्या बांधून. सकाळी सहाला एकदा आणि दुपारी दोनला एकदा. मातीत रोवलेल्या खुंट्यांवर नंबर, प्रत्येक नंबरच्या भेगेत पट्टी घालायची, रुंदी, खोली, मग सगळ्यांची सरासरी काढून रजिस्टरात एकच आकडा. मला तिसरा वाफा, आणि त्याच वाफ्यात तुझी पेटी. तुझ्या आईचा फराळाचा डबा, त्यात तू स्वतः जोडलेला सेन्सर, बाहेर दोन सळ्या मातीत खुपसलेल्या. दर दहा मिनिटांनी ती पेटी मातीतला ओलावा आपला आपण लिहून ठेवायची. इलेक्ट्रॉनिक्सची पोट्टी म्हणून बाकीचे तुला चिडवायचे की काकूंचा चिवडा शेतात ठेवून आली. तू हसायचीस आणि वायरींचे सांधे पुन्हा तपासायचीस. तुला मॅडमनी एकदा विचारलं होतं, पेटी आणि पट्टी यांत फरक पडला तर खरं कोणाचं? तू म्हणालीस, पट्टीचं, मॅडम. पट्टी माणूस धरते, पेटीले काय अक्कल. सगळे हसले. मीही हसले.

आता खरं लिहायचं तर आधी जर्नलचं लिहावं लागेल, आणि हे तुला नवं नाही. पहिल्या वर्षापासून आपण काय करत आलो? प्रॅक्टिकलला सामान चार जणांचं आणि पोरं चाळीस. घड्याळ बंद, लंबकाचा दोरा तुटका. मग सीनियरचं जर्नल आणायचं, गुरुत्वाचं उत्तर आधीच माहीत, नऊ पूर्णांक आठ, तिथून मागं मागं येत रीडिंग बसवायची. मधे एखादा आकडा मुद्दाम थोडासा हलवायचा, म्हणजे खरं वाटते. माझा हात त्यात किती बसला होता! अर्ध्या वर्गाची रीडिंगं मीच 'काढून' द्यायची, गोपाल तर मला रीडिंगची डॉक्टरीण म्हणायचा. सर सही करायचे. कोणालाच त्यात चोरी वाटली नाही, मलाही नाही. उलट ज्याचा आलेख वाकडा यायचा तोच मूर्ख ठरायचा. मी हे सबब म्हणून सांगत नाही. पण हात कुठून शिकला ते तुला कळलं पाहिजे.

मे महिन्यातला तो गुरुवार आठव. तू परीक्षेचा फॉर्म भरायला अमरावतीला गेली होतीस. आशाबाईंकडे पाहुणे होते, म्हणून त्यांनी वर खोलीत मला रसपोळी आणून दिली. घरमालकीण म्हणून एरवी पंख्याच्या बटणावर नजर ठेवणारी बाई, पण त्या दिवशी वाटीवर वाटी ओतत होती, खाय पोरी, खाय, घरचे आंबे हायेत. मी चार वाट्या रस प्यायले. वरून तूप. कूलर सुरू केला आणि म्हटलं, पाच मिनिटं पडते, दोनला उठून जाते. उठले तेव्हा साडेपाच वाजले होते. बस, इतकंच. काही मोठं संकट नाही, कोणी आजारी नाही, कोणी मेलं नाही. मी रस पिऊन झोपले. दुसरं काही कारण असतं तर मला हे पत्र लिहायला इतकं जड गेलं नसतं.

उठले, रजिस्टर उघडलं, दोनचा चौकोन रिकामा. तो तसाच ठेवता येतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, दीपे. खरंच सांगते. आपल्याला आजवर रिकामा चौकोन ठेवू दिला होता का कोणी? मी मागच्या पाच दिवसांचे आकडे पाहिले, भेगा रोज कितीनं वाढतात ते पाहिलं आणि एक आकडा लिहिला. शेवटचा अंक थोडा हलवला, खरं वाटावं म्हणून. दोन मिनिटांचं काम.

शुक्रवारी सहाला वाफ्यावर गेले तर शेतात पाणी सोडणारे खुशालरावकाका पंपापाशी उभे. ते म्हणाले, पोरी, काल बाराच्या टायमाले पाइपाचा जोड निसटला होता, तुह्या वाफ्यात पाणी शिरलं, लिहून ठेव बरं. मी खाली पाहिलं. माती ओली, भेगा अर्ध्या मिटलेल्या. त्या क्षणी मी काय करायला पाहिजे होतं ते एखाद्या पोट्ट्यालाही कळलं असतं. पण मला एकच दिसत होतं, काल दोनचा माझा आकडा. पाणी बाराला शिरलं आणि दोनला मी भेगा वाढल्या असं लिहून बसले होते. आज खरं लिहिलं तर काल मी तिथं नव्हते हे उघडं. मी खुशालरावकाकांना म्हटलं, हाव काका, लिहिते. आणि लिहिलं नाही. तो दिवस, शनिवार, रविवार, सकाळ-दुपार मी इमानदारीनं वाफ्यावर गेले, पट्टी घातली, खरा आकडा पाहिला आणि खोटा लिहिला. माती पुन्हा वाळून माझ्या आकड्याला येऊन मिळेपर्यंत. गुरुवारचा एक आणि पुढचे सहा, एकूण सात आकडे. मेहनत खरी आणि लिहिणं खोटं, असं येडं काम कोणी केलं असेल का?

मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी पेटी तिथंच मातीत होती आणि दर दहा मिनिटांनी लिहीत होती, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते जूनच्या शेवटच्या बैठकीत, मॅडमनी पडद्यावर दोन्ही रेघा एकावर एक टाकल्या तेव्हा. माझी रेघ कशी सुंदर, सरळ चढत जाणारी. तुझ्या पेटीचा ओलावा गुरुवारी बाराला एकदम उसळलेला आणि मग चार दिवस हळूहळू उतरलेला. मॅडम म्हणाल्या, दोघींपैकी एकीचं चुकतंय. सगळे तुझ्याकडे बघायला लागले, माझ्याकडे कोणीच नाही. तू माझ्याकडे वळलीस आणि विचारलंस, आचल, तुझे रीडिंग पक्के आहेत ना? मी म्हटलं, पक्के.

तो एक शब्द मी बोलले, आणि तू मान हलवलीस. लगेच! जरासुद्धा अडखळली नाहीस. मॅडमना म्हणालीस की मग दोष माझ्याच पेटीत असेल, ऊन लागून सेन्सर बिघडला असेल. आणि संध्याकाळी माझ्याच शेजारी बसून, माझ्याच पेनानं, तू रिपोर्टात लिहिलंस, 'सेन्सरमध्ये दोष असल्याने त्याची नोंद विश्वासार्ह नाही'. मला स्पेलिंग विचारून लिहिलंस 'विश्वासार्ह'चं. मी सांगितलं. माझी जीभ झडली नाही तेव्हा. तू वर्षभर जोडलेल्या पेटीवर विश्वास ठेवला नाहीस, माझ्यावर ठेवलास. तो रिपोर्ट पाहून मॅडमनी जागा मला दिली.

त्यानंतर मला कुठं बसवत नाही. जेवायला बसले की उठते. आईनं नजर काढली, बाबांनी गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात नेऊन आणलं, प्रार्थनेला बसले तर डोळे मिटून मला तोच पडदा दिसायला लागला. खाई त्याला खवखवे, खोटं नाही. तरी मी सही करणार होते, हे पण लिहिते, लपवून काय उपयोग. बुधवारी इथं कॉलेजच्या परवानगीचा, एनओसीचा कागद द्यायला आले आणि स्टँडवर देवरावकाका भेटले. त्यांनी गाडी सोडायच्या आधी मला बाजूला घेतलं. म्हणाले, बेटा, तुमच्यात काही भांडण झालं का? आमची पोट्टी गपगप रायते. म्हणते, मले काई येत नाई, मी उगीचच येड्यासारखी वायर जोडत बसली. पेटी खोलून माळ्यावर टाकली अन् बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून राहिली. काका असं सांगत होते आणि हातानं माझं तिकीट फाडल्यासारखं करत होते, नुसतंच, सवयीनं. मी म्हटलं, नाही काका, भांडण नाही. ते म्हणाले, मंग तू सांग बरं तिले, तुहं ऐकते ते.

माझं ऐकतेस तू. त्याचंच तर झालं हे.

दोन दिवस मी एक सोपी युक्ती काढून बसले होते. मॅडमना सांगायचं, घरची अडचण आहे, जमत नाही. मग यादीत दुसरं नाव तुझंच. जागा तुला, माझं नाव साफ, बाबांना सांगता आलं असतं की मीच सोडली. किती छान! कोणालाही काही कळलं नसतं. पण तू त्या खुर्चीवर बसली असतीस ती 'सेन्सर बिघडला' असं स्वतःच्या अक्षरात लिहून. सहा महिने प्रत्येक वेळी पेटी काही वेगळं बोलली की तू आधी पेटीलाच खोटं ठरवलं असतंस. आणि मला तू वर धन्यवाद दिले असतेस, हे तर मला सहनच झालं नसतं. काल इथल्या खोलीवरून आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेवली का तू? मी नाही म्हटलं. म्हणाली, मंग जेव, अन् उद्या जाऊन सांगून ये, बापाले मी पाहून घेते.

तर, दीपे, आज सकाळी नऊ वाजता मी ललिता मॅडमसमोर उभी होते आणि वर लिहिलं ते सगळं बोलून मोकळी झाले. त्या रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या की चौकोन रिकामा ठेवला असतास तर मी विचारलंही नसतं. मग त्यांनी रजिस्टर काढलं आणि सातही आकडे खोडायला लावले. गिरगटायचं नाही, एकच आडवी रेघ, खालचा खोटा आकडा वाचता आला पाहिजे, आणि प्रत्येकाच्या बाजूला सही आणि आजची तारीख. सातही केल्या. खुशालरावकाकांना बोलावून पाण्याचं विचारलं, त्यांनी तारखेसकट सांगितलं, आणि ती वेळ तुझ्या पेटीच्या नोंदीशी दहा मिनिटांच्या आत जुळली. त्या चार दिवसांचं खरं आता फक्त तुझ्या पेटीत आहे. माझं नाव त्या जागेवरून गेलं. पुढे कोणाला ते मॅडम सोमवारी ठरवतील, मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या तुला लगेच फोन करणार होत्या. मी म्हटलं, आजचा दिवस द्या, तिला माझ्याकडूनच कळू द्या. त्यासाठी हे पत्र, आणि आणखी एका गोष्टीसाठी. तुझ्या रिपोर्टातलं ते वाक्य मी खोडायला गेले तर मॅडमनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाल्या, ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं असते. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, मी दाराबाहेर उभी राहीन. पान अकरा, वरून चौथी ओळ. तेवढी एक रेघ मार, आणि बाजूला तुझी सही कर.

अजून तरी तुझीच,
आचल